बांधावरचा रायवळ आंबा परसात आणताना

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात बांधावरच्या प्रत्येक जुन्या आंब्याला स्वतःचे नाव असते. शेपूच्या भाजीसारखा वास येतो तो शेप्या, फळ लहान नि गरगरीत असते तो गोटी, गर खोबऱ्यासारखा घट्ट असतो तो खोबऱ्या, पिकल्यावर देठाकडे शेंदरी रंग चढतो तो शेंदऱ्या, आणि कैरी असताना दात आंबवणारा पण बरणीत वर्षभर कडक राहणारा तो नुसताच लोणच्याचा आंबा. ही नावे गावागणिक बदलतात, आणि एका गावचा शेप्या व दुसऱ्या गावचा शेप्या ही दोन अगदी निराळी झाडे असू शकतात. रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेला आंबा. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत परागीभवनातून तयार झालेला एकच गर्भ असतो, त्यामुळे तिच्यापासून येणारे रोप मूळ झाडासारखे निपजत नाही. शेप्याची कोय लावून शेप्या मिळत नाही. ते एक झाड वादळात पडले, रस्ता रुंद करताना गेले किंवा वाटणीनंतर तोडले गेले, की त्याच्याबरोबर तो वाणही संपतो. त्याला टिकवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे झाड उभे असतानाच त्याची काडी घेऊन कलम बांधणे.

माझे आजोळ शिराळा तालुक्यातले. तिथल्या ओढ्याकाठचा शेप्या मी लहानपणापासून खात आलो, आणि शाळेतून निवृत्त होण्याच्या सुमारास कराडच्या घराच्या परसात त्याचे कलम करायचे ठरवल्यावर पहिली काही वर्षे चुकाच केल्या. त्या इतरांनी पुन्हा करू नयेत, एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहीत आहे. अर्धा-पाऊण गुंठा मोकळी जागा, धारदार चाकू आणि एका पावसाळ्याची सवड असलेल्या कोणालाही हे काम जमते. (शेजारी मला सफरचंद लावण्याचा आग्रह करीत होते. कमी थंडीत फळणाऱ्या सफरचंदाच्या जाती अलीकडे रोपवाटिकांत मिळतात हे खरे. परंतु हिमाचल-काश्मीरकडच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे सुमारे हजार तास लागतात, आणि कराडच्या थंडीकडून तेवढी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. जुना वाणच जपायचा तर तो आपल्या बांधावरचा का नसावा, असा विचार मी केला.)

झाड मे महिन्यातच ठरवावे

कलम जुलैत बांधायचे असले तरी झाडाची निवड फळे असताना, म्हणजे मे ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करावी लागते. जुलैत सगळे आंबे सारखेच हिरवे दिसतात, आणि ‘तोच तो, कोपऱ्यातला’ असे सांगणाऱ्याच्या भरवशावर काडी आणली तर चूक लक्षात यायला चार-पाच वर्षे जातात. फळे स्वतः खाऊन पाहावीत, आणि जमल्यास लागोपाठच्या दोन हंगामांत पाहावीत, कारण बरीच रायवळ झाडे एक वर्षाआड भरघोस फळतात व भराच्या वर्षी फळ किंचित लहान आणि कमी गोड असते. एका वहीत फळाचे वजन, सालीची जाडी, गरात रेषा किती, कोय चपटी की फुगीर, रस पातळ की घट्ट, आणि पाड (झाडावर आपोआप पिकून गळलेले फळ) केव्हा लागतो एवढ्या गोष्टी तारखेसह टिपून ठेवाव्यात व फळ मधोमध कापून त्याचा फोटो काढावा. याखेरीज त्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय निवड पुरी होत नाही. कोणत्या झाडाची फोड दिवाळीनंतरही मऊ पडत नाही, कोणत्या रसाची पोळी चिवट होते, कोणता आंबा चोखून खाण्याचा नि कोणता पिळण्याचा, हे ज्ञान त्यांच्याकडेच असते, आणि ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

झाडाची प्रकृतीही पाहावी. ज्या फांदीवर बांडगूळ आहे किंवा ज्या फांदीचा मोहोर मोकळा न फुलता हिरव्या गुच्छासारखा गोळा होतो, ती काडीसाठी वर्ज्य समजावी. झाड सामाईक असेल तर भावकीतल्या सर्वांना विचारूनच हात लावावा; चार काड्यांवरून वर्षभर अबोला धरलेला मी पाहिलेला आहे. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंब्याचा समावेश आहे, त्यामुळे मालकालाही परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परंतु परवानग्या मिळतात आणि झाडे जातात. एखादे जुने झाड जाणार अशी कुजबुज कानावर आली, की कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी काडीच्या मागे लागावे.

काडी

कलमासाठी लागणारी काडी तीन ते चार महिने वयाची, गोल, हिरवट-राखाडी झालेली आणि शेंड्याचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी असावी. मार्च-एप्रिलमध्ये आलेली पालवी जुलैत नेमकी या वयाची होते. घेराच्या बाहेरच्या बाजूची, उन्हात वाढलेली काडी घ्यावी. आतल्या सावलीतल्या लांबसडक, पोपटी काड्या दिसायला सुबक असतात पण लागत नाहीत.

ऐंशी-नव्वद वर्षांच्या झाडाची खरी अडचण इथेच येते. म्हाताऱ्या झाडाला नवी फूट कमी येते, जी येते ती तीस फुटांवर असते, आणि जेमतेम बोटभर लांबीची असते. यावर उपाय म्हणजे जानेवारीच्या सुमारास हाताला येतील अशा अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार-पाच फांद्या अर्ध्यातून छाटून ठेवाव्यात आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. घरगुती प्रमाणात शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र ढवळले की हे मलम तयार होते. लोखंडी बादली वापरू नये. छाटलेल्या फांद्यांवर उन्हाळ्यात नवी फूट येते आणि पावसाळ्यात तीच काडी होते. ज्यांना यंदाच शोध लागला आहे त्यांनी एक वर्ष थांबून का होईना, पण हेच करावे. निकृष्ट काडीवर घाई करण्यात काहीच हशील नाही.

कलम बांधण्याच्या आठ-दहा दिवस आधी निवडलेल्या काड्यांची पाने कात्रीने कापावीत, देठ मात्र काडीवरच ठेवावेत. या दिवसांत शेंड्याचा डोळा फुगतो. बोट लावताच देठ गळून पडू लागले, की काडी तयार झाली. ती सकाळी कापावी, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावी. दोन-तीन दिवस ठेवण्याची वेळ आलीच तर घरातल्या माठाशेजारची गार जागा पुरते. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली काडी सरळ टाकून द्यावी.

खुंट

खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर काडी बसवायची त्याच्यासाठी, कोणत्याही जोमदार रायवळ आंब्याची कोय चालते. आंब्याच्या कोयीचा जीव फार थोडा असतो. फळ खाल्ल्यापासून आठ-पंधरा दिवसांत ती लावली तर उत्तम, महिना उलटला की उगवण फार घटते. कोय धुऊन दोन दिवस सावलीत सुकवावी, मग पाण्यात टाकावी आणि बुडेल तेवढीच घ्यावी. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जुने शेणखत आणि एक भाग वाळू यांचे मिश्रण भरलेल्या, तळाला भोके पाडलेल्या पाच बाय आठ इंची पिशवीत कोयीची फुगीर कड वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेली कोय दोन ते तीन आठवड्यांत उगवते. एका कोयीतून दोन-तीन कोंब आलेच, तर त्यांपैकी जाड तो ठेवावा. एक कलम हवे असेल तर दहा खुंट तयार करावेत, हा हिशेब पहिल्या वर्षी तरी मोडू नये.

माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत मात्र मी पिशवीच्या नादी लागू नका असेच सांगेन. तिथे कोय थेट कायमच्या खड्ड्यातच, एका जागी तीन-चार लावाव्यात, वर्षभर वाढू द्याव्यात आणि पुढच्या पावसाळ्यात जागेवरच कलम बांधावे. पिशवीत सोटमूळ तळाशी वेटोळे घेते. जागेवरच्या रोपाचे सोटमूळ सरळ खाली ओल शोधीत जाते, आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर झाड जगवावे लागणाऱ्या गावात हाच फरक निर्णायक ठरतो.

कलम बांधणे

घरी करण्याजोग्या दोन पद्धती आहेत. उगवल्यापासून आठ ते पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपावर बांधतात ते कोय कलम. कराड, पाटण, शिराळा यांच्यासारख्या दमट हवेच्या भागात जुलैमध्ये ते चांगले साधते. वर्षभराच्या रोपावर किंवा झाडाच्या नव्या फुटीवर बांधतात ते मृदकाष्ठ कलम; त्यासाठी जुलै ते सप्टेंबर हा काळ, आणि त्यातही पावसाची झड थांबून ढगाळ उघडीप पडलेले दिवस निवडावेत. पद्धती दोन असल्या तरी हाताची क्रिया एकच आहे.

तासगावकडे द्राक्षाची कलमे बांधणारे कारागीर पावसाळ्याच्या अखेरीस गावोगाव फिरत असतात. डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर काडी बसवण्यात त्यांचा हात असा बसलेला असतो, की बघणाऱ्याला काप दिसत नाही, पट्टी गुंडाळलेलीच दिसते. त्यांच्यातल्या एका मामांना मी माझ्या परसात घेऊन आलो. मी मोठ्या अभिमानाने काड्या दाखवू लागलो, तर ते म्हणाले, “गुरुजी, काडी नंतर. आधी खुंटाची पालवी दावा. तांबडी हाय का न्हाय?” माझ्या खुंटांची पालवी केव्हाच हिरवीगार होऊन गेली होती. त्यांनी चाकू पिशवीत परत ठेवला, चहा घेतला आणि नवी पालवी आली की सांगा म्हणून निघून गेले. सबंध कलमविद्येतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी त्या दिवशी शिकलो. खुंटाचे खोड कोवळे आणि पालवी तांब्याच्या रंगाची असते, तेव्हाच त्याच्यात रस जोरात वाहत असतो आणि जखम भरून काढणारा पेशीजाल भराभर वाढतो. पाने हिरवी नि कडक झाली, की तो वेग ओसरतो आणि काडी सांधण्यापूर्वीच सुकून जाते.

खुंट योग्य असेल तर पुढची कृती अशी. चाकू किंवा नवे पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावे. कोय कलमात रोप मातीपासून पाच-सात सेंटिमीटरवर आडवे कापावे, आणि खालची कोय मात्र रोपापासून अजिबात तुटू देऊ नये, कारण पुढचे काही आठवडे कलम तिच्यातल्या साठ्यावरच जगणार असते. मृदकाष्ठ कलमात कोवळ्या शेंड्याखाली, जिथे खोड पेन्सिलीएवढे आहे तिथे काप घ्यावा. कापाच्या मधोमध चाकू ठेवून तीन ते चार सेंटिमीटर सरळ खाली चीर द्यावी. काडी दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची आणि खुंटाइतक्याच जाडीची घ्यावी, आणि तिच्या खालच्या टोकाला समोरासमोर दोन तिरके काप देऊन तेवढ्याच लांबीची पाचर करावी. प्रत्येक काप एकाच ओढीत झाला पाहिजे. पेन्सिलीला टोक काढल्यासारखे तासत बसले तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मधे हवा राहते. नवशिक्याने आधी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या पन्नास काड्यांवर हात बसवावा, मगच जुन्या आंब्याची मोलाची काडी हातात घ्यावी.

पाचर चिरेत बसवताना साल सालीला भिडली आहे की नाही हे डोळ्यांजवळ धरून पाहावे. सालीच्या आतल्या बाजूस असणारा पातळ हिरवट थर हाच काय तो जिवंत सांधा. आतले लाकूड लाकडाला कधीच चिकटत नाही. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूला तरी थर जुळतो. आंब्याचा काप हवा लागताच काळा पडू लागतो, म्हणून काप दिल्यापासून बांधून होईपर्यंत मिनिटापेक्षा जास्त वेळ जाऊ नये, आणि कापलेल्या भागाला बोट तर मुळीच लावू नये. दोन सेंटिमीटर रुंदीची पातळ प्लास्टिकची पट्टी खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवीत, ताणून गुंडाळावी आणि वर गाठ मारावी. खालून वर गुंडाळल्याने वेढे कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी आत झिरपत नाही. शेवटी सगळ्या काडीवर पेप्सीकोल्याची असते तसली पारदर्शक अरुंद पिशवी टोपीसारखी उपडी घालून सांध्याखाली सैलसर बांधावी, म्हणजे आत दमटपणा टिकतो.

कोय कलमाच्या पिशव्या झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवाव्यात. त्यांच्यावर पावसाची थेट धार नको आणि तळाशी पाणी तर अजिबात साचायला नको, कारण कोवळे खुंट मातीजवळ कुजून बसकण मारतात आणि सगळी मेहनत चार दिवसांत वाया जाते. लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडचे पाणी एकदा बांधणीनंतर लगेच आणि एकदा पंधरा दिवसांनी मुळाशी घातले तर हे नुकसान बरेच टळते. दोन ते तीन आठवड्यांत काडीचा डोळा फुटतो. फूट टोपीच्या टोकाला टेकण्याआधी संध्याकाळच्या वेळी टोपी काढावी. भर दुपारी काढली तर ती कोवळी पाने तासाभरात माना टाकतात. सांध्यावरची पट्टी मात्र दोन-अडीच महिने राहू द्यावी आणि नंतर आठवणीने उभी चिरून काढावी, नाहीतर ती खोडाला करकचते.

आता माझी चूक. माझ्या पहिल्या खेपेच्या नऊ कलमांपैकी एकच जगले, ते मी परसात लावले आणि दुसऱ्या पावसाळ्यात मुलीकडे दोन महिने राहायला गेलो. परत आलो तो झाड कमरेएवढे झालेले. आनंदाच्या भरात मी ती जोमदार फूट कुठून आली आहे हे वाकून पाहिलेच नाही. ती सांध्याच्या खालून, खुंटातून आलेली होती, आणि तिच्या सावलीत शेप्याची खरी फूट केव्हाच वाळून गेली होती. सातव्या वर्षी त्या झाडाला पहिली चार फळे आली. वास नाही, गर पांढरट, आणि रेषा इतक्या की कोय दाढीसकट तोंडातून बाहेर यावी. तेव्हा कलमाच्या सांध्याखाली येणारी प्रत्येक फूट, कितीही गोजिरी दिसली तरी, पहिली दोन वर्षे दर पंधरवड्याला खुडून टाकणे हे काम बांधणीइतकेच महत्त्वाचे समजावे.

जागा आणि लावणी

परसातली जागा निवडताना दिवसभर ऊन, आणि घराच्या भिंतीपासून, विहिरीपासून व शोषखड्ड्यापासून किमान चार-पाच मीटर अंतर एवढे पाहावे. दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवून छाटणीवर झाड आटोक्यात ठेवता येते. कृष्णा-वारणाकाठच्या खोल काळ्या जमिनीत पाणी धरून राहते आणि आंब्याच्या मुळांना ते सोसत नाही, म्हणून तिथे खड्ड्यापेक्षा दीड-दोन फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावणी करावी. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांच्या अंगणापर्यंत आले होते, त्यांनी पिशवीतली कलमे पावसाळाभर गच्चीवर ठेवलेली बरी. मोठे झाड चार दिवस पाण्यात तग धरते, कोवळे कलम धरत नाही. माण-आटपाडीकडे खणताना पांढऱ्या चुनखडीचा थर लागला तर जागा बदलावी.

खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, एप्रिल-मेमध्ये खणून महिनाभर उन्हात तापू द्यावा. वरच्या थरातली माती, तीन-चार घमेली कुजलेले शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड एकत्र करून तो पावसाआधी भरून घ्यावा. पिशवीतले कलम साधारण वर्षभराचे झाले, की पुढच्या जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावे आणि सांधा जमिनीच्या वर राहील याची खात्री करून घ्यावी. काठीचा आधार आणि शेळीपासून संरक्षण म्हणून काट्यांचे कुंपण त्याच दिवशी करावे. शेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

कलम सांध्याच्या वर साठ-सत्तर सेंटिमीटर वाढले की शेंडा खुडावा आणि येणाऱ्या फुटींपैकी चार दिशांच्या तीन-चारच ठेवाव्यात. पहिली तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा. घरच्यांच्या विरोधाला न जुमानता हे करावे लागते, कारण हातभर झाडावर लगडलेली कैरी सर्वांनाच मोहात पाडते.

एकाच झाडावर अनेक आंबे

ज्यांच्या परसात आधीच एखादे आंबट, निरुपयोगी किंवा न फळणारे झाड उभे आहे, त्यांच्यासाठी याहून जवळचा मार्ग आहे, आणि माझ्या मते जुने वाण जपण्याचा तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या झाडाच्या मोठ्या फांद्या दोन ते अडीच मीटर उंचीवर कापाव्यात. एक फांदी मात्र न कापता ठेवावी, म्हणजे मुळांना अन्न पुरवणारी पाने झाडावर राहतात. कापांना बोर्डो मलम आणि उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाने साल भाजू नये म्हणून चुन्याचा हात द्यावा. थोड्याच दिवसांत प्रत्येक कापाखाली झुपक्याने फुटी येतात. त्यांतल्या बाहेरच्या दिशेने वाढणाऱ्या दोन-तीन ठेवून बाकी काढाव्यात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या पेन्सिलीएवढ्या जाड होऊन त्यांना तांबडी पालवी आली, की प्रत्येकीवर वेगळ्या झाडाची काडी मृदकाष्ठ पद्धतीने बांधावी. मुळे जुनी नि खोल असल्यामुळे अशी कलमे विलक्षण वेगाने वाढतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतात.

मी माझ्या त्या फसलेल्या झाडाचे हेच केले. आज त्याच्या पूर्वेकडच्या फांदीवर शेप्या आहे, दक्षिणेला लोणच्याचा, पश्चिमेला एक खोबऱ्या, आणि उत्तरेची मूळ आंबट फांदी मी तशीच ठेवली आहे. आजोळचे शेप्याचे मूळ झाड माझी काडी लागल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यात आडवे झाले. अशा झाडावर प्रत्येक फांदीला पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चिठ्ठी नावासह, सैल तारेने बांधावी आणि वहीत नकाशा काढून ठेवावा. जोमदार वाण मंद वाणाला दाबून टाकतो, म्हणून दरवर्षी फळे उतरल्यावर जूनमध्ये जोमदार फांदी जरा जास्त छाटावी. शेजारी वेगवेगळे वाण फुलत असल्याने परागीभवनालाही हातभार लागतो.

पाणी, खत आणि कीड

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे. आपल्याकडे पाचट जाळण्यापेक्षा हा उपयोग केव्हाही चांगला. झाड फळू लागल्यावर मात्र पाण्याचा हात आखडता घ्यावा लागतो. उसाच्या पाटाशेजारचा आंबा बारा महिने हिरवागार असतो नि मोहोरत नाही, ही तक्रार वाळवा-पलूसकडे नेहमी ऐकू येते. ऑक्टोबरपासून पाणी तोडून झाडाला ताण द्यावा आणि फळे वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करावे. मोहोर आणण्यासाठी बाजारात मिळणारी संजीवके घरच्या दोन झाडांना घालू नयेत. खत म्हणून पहिल्या वर्षी घमेलेभर शेणखत द्यावे आणि दरवर्षी वाढवीत दहाव्या वर्षी पन्नास किलोपर्यंत न्यावे.

रायवळ झाड काटक असते, तरी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. तुडतुड्यांसाठी मोहोर येण्यापूर्वी, नोव्हेंबरमध्ये पाच टक्के निंबोळी अर्क खोडावर आणि फांद्यांच्या बेचक्यांत फवारावा. मोहोर फुललेला असताना मधमाश्या नि माश्या कामावर असतात, तेव्हा कीटकनाशक टाळावे. मोहोरावर पांढरी भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर फवारावे. खोडातून भुसा पडताना दिसला तर आत भिरूड आहे असे समजून छिद्रात सायकलच्या स्पोकचा आकडा घालून अळी बाहेर ओढावी आणि छिद्र शेणमातीने लिंपावे. पाडाच्या आधी महिनाभर फळमाशीचा एक रक्षक सापळा टांगला की परसाला पुरतो.

उतरवणे आणि आढी

झाडावर पहिला पाड पडला, म्हणजे एखादे फळ आपोआप पिकून गळले, की बाकीचा माल तयार झाला असे समजावे. खात्रीसाठी दोन-चार फळे बादलीभर पाण्यात टाकून पाहावीत. बुडतात ती तयार, तरंगतात ती कोवळी. झेल्याने, देठाचा बोटभर तुकडा ठेवून, सकाळच्या गारव्यात फळे उतरवावीत आणि चीक सालीवर ओघळू नये म्हणून देठ खाली करून तासभर पोत्यावर ठेवावीत, नाहीतर चीक लागलेली साल काळी पडून तिथूनच फळ नासते. पहिल्या वर्षीच्या फळांचे वजन, रेषा, कोय आणि पाडाची तारीख वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. चारही जुळल्या तरच चिठ्ठीवरचे नाव पक्के करावे आणि शेजाऱ्यांना काड्या द्याव्यात. वेगळ्या वैशिष्ट्यांचा वाण शेतकऱ्याच्या नावे नोंदवण्याची सोय २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात आहे, त्यासाठी बोरगाव किंवा कालवडे येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येते.

आढी कोपऱ्यातल्या गार खोलीत भाताच्या पेंढ्यावर घालावी, फळांचे दोनपेक्षा जास्त थर करू नयेत आणि वर पुन्हा पेंढा पसरावा. दुकानी आंब्याला आठ-दहा दिवस लागतात, पण रायवळ त्याआधीच तयार होतो. शेप्याची आढी तर चौथ्या दिवसापासून रोज हात घालून चाचपावी लागते, कारण वास ओसरीपर्यंत आला म्हणून उघडायला जावे, तर खालच्या थरातला निम्मा आंबा उतरून गेलेला असतो.